चालत्या सर्व्हरचा बॅकअप: भोसरीतल्या एका कारखान्यातलं काम

रोज संध्याकाळी सातला ईआरपीतून सगळ्यांनी बाहेर पडायचं, एसक्यूएल सर्व्हरची, म्हणजे ईआरपीचा डेटा सांभाळणाऱ्या डेटाबेसची, सर्व्हिस बंद करायची, डेटाबेसच्या फाइल्स यूएसबी डिस्कवर कॉपी करायच्या आणि सर्व्हिस परत चालू करायची. वेळ पन्नास मिनिटं. तेवढ्या वेळात दुसऱ्या शिफ्टचं डिस्पॅच चलन काढू शकत नाही आणि भरलेला टेम्पो गेटवर उभा राहतो. साहजिकच ‘आज राहू दे, उद्या घेऊ’ व्हायचं, आणि यूएसबी डिस्कवरची सगळ्यात ताजी फाइल अकरा दिवसांपूर्वीची निघाली. छोट्या कारखान्यांत बॅकअप चुकतो तो आळसापेक्षा अशा बंद वेळेमुळे. म्हणून पहिलं काम ठरलं ते हे पन्नास मिनिटांचं थांबणं घालवण्याचं.

मांडणी साधी होती. एकच सर्व्हर, त्यावर हायपर-व्ही (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर), आत तीन व्हर्च्युअल मशीन: डोमेन कंट्रोलरसकट (सगळ्यांचं लॉग-इन तपासणारा) फाइल शेअर, ईआरपीचं एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड आणि टॅली. पंचवीसेक वापरणारे. काम सुरू करण्याआधी दोनच प्रश्न विचारून घेतले. मशीन मेलं तर किती वेळाचं काम परत टाइप करायला चालेल? आणि किती वेळात सगळं परत उभं राहिलं पाहिजे? स्टोअर आणि डिस्पॅचने पहिल्याला ‘पंधरा मिनिटं’ म्हटलं. अकाउंट्सने ‘अर्धा दिवस चालेल, व्हाउचर कागदावर असतात’ असं सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर मालकांनी दिलं: एक तास. हे तीन आकडे कागदावर आल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडायला बसू नये, नाहीतर विकणारा जे विकतो तेच आपली गरज होऊन बसतं.

मग पन्नास मिनिटं नेमकी कशात जातात ते पाहिलं. फाइल्स एकूण १७८ जीबी, यूएसबी डिस्कचा वेग सेकंदाला साधारण ६० एमबी. भागाकार केला की पन्नास मिनिटं येतातच. पण त्या १७८ पैकी खरा डेटा होता ३८ जीबी. उरलेली १४० जीबी एकटी लॉग फाइल होती, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंदवही.

हे दुखणं आम्हाला बहुतेक ठिकाणी सापडतं. डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’ मॉडेलवर असतो आणि लॉगचा बॅकअप कुणी कधी घेतलेला नसतो. या मॉडेलमध्ये लॉगचा बॅकअप झाल्याशिवाय आतली जागा पुन्हा वापरायला मोकळी होत नाही, त्यामुळे फाइल फुगत राहते. शेवटी डिस्क भरते, ९००२ क्रमांकाची एरर येते आणि ईआरपी एकही एंट्री घेत नाही. यावर सर्रास सुचवला जाणारा इलाज म्हणजे मॉडेल ‘सिंपल’ करून टाकणं. लॉग आटोक्यात येतो हे खरं, पण त्याबरोबर पंधरा मिनिटांचा वायदाही जातो, कारण सिंपलमध्ये लॉग बॅकअप घेताच येत नाही. आम्ही मॉडेल फुलच ठेवलं, लॉगचे दोन बॅकअप लागोपाठ घेतले, मग लॉग फाइल एकदाच आवळून १० जीबीवर आणली. एकदाच. रोज आवळायचा जॉब लावला तर फाइल रोज परत वाढते आणि नेमकी कामाच्या वेळी वाढते.

त्यानंतर एसक्यूएल एजंटमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) दोन जॉब लावले: रात्री साडेबाराला पूर्ण बॅकअप, कॉम्प्रेशन आणि चेकसम (डेटा बिघडला का ते पकडणारी खूण) चालू ठेवून, आणि दर पंधरा मिनिटांनी लॉग. दोन्ही चालत्या डेटाबेसवर होतात, कुणालाही बाहेर काढावं लागत नाही. पूर्ण बॅकअपच्या वेळी डिस्कवर थोडा भार येतो; लॉगचा बॅकअप तर काही सेकंदांत उरकतो. फाइल्स थेट नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर जातात. इथे एक बारकी गोष्ट नडते. जॉबमध्ये ‘झेड ड्राइव्ह’ असा पत्ता लिहिला तर जॉब फेल होतो, कारण मॅप केलेला ड्राइव्ह लॉग-इन केलेल्या माणसाचा असतो, सर्व्हिसला तो दिसत नाही. नॅसच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्यावा लागतो आणि एसक्यूएलच्या सर्व्हिस अकाउंटला त्या फोल्डरवर लिहायची परवानगी लागते.

एसक्यूएलची फुकट एक्स्प्रेस आवृत्ती असेल तर एजंट नसतो, बॅकअपचं कॉम्प्रेशनही नसतं. तिथे हेच काम विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून करायचं.

आता अख्ख्या मशीनचा बॅकअप. डेटाबेस हाताशी आहे पण विंडोज, ईआरपीची सर्व्हिस, प्रिंटरची सेटिंग नव्याने बसवायची म्हटलं तर एक तासाच्या वायद्याचे दोन दिवस होतात. त्यासाठी वीम या बॅकअप सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती वापरली. तिच्यात दहा वर्कलोड, म्हणजे बॅकअप घ्यायची दहा मशीन बसतात, आपले तीनच. खरं काम मात्र ती करत नाही, विंडोजमधली व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस करते, आणि ते कसं चालतं हे माहीत असलेलं बरं. बॅकअप सॉफ्टवेअर मागणी करतं. विंडोज प्रत्येक ‘रायटर’ला, म्हणजे एसक्यूएल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वगैरेंच्या प्रतिनिधीला, सांगतं की हातातलं लिहून टाका आणि क्षणभर थांबा. या थांबण्याला ६० सेकंदांची कमाल मर्यादा आहे, आणि त्यात फाइल सिस्टमवरचं सगळं लिखाण रोखलं जातं ते फार तर १० सेकंद. तेवढ्यात स्नॅपशॉट होतो, सगळे कामाला लागतात, आणि मग सॉफ्टवेअर त्या गोठवलेल्या चित्रावरून निवांत कॉपी करत बसतं.

खरा डाउनटाइम किती हे कुणाच्या माहितीपत्रकावरून घेऊ नये. एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये दोन ओळी पडतात: अमुक डेटाबेसवर ‘आय/ओ फ्रोझन’ (वाचणं-लिहिणं गोठलं), आणि खाली ‘आय/ओ रिझ्यूम्ड’. दोन्हींसमोर वेळ असते. वजाबाकी करा. इथे रात्री १ वाजून ७ सेकंद आणि १ वाजून ९ सेकंद अशा नोंदी होत्या. पन्नास मिनिटांचे दोन सेकंद झाले. तिसऱ्या शिफ्टच्या माणसाने चलनाचं बटण त्याच क्षणी दाबलं तरी त्याला वाटेल की आज सिस्टम जरा जड चाललीय.

बिघडतं ते इथे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ चालवायचं. प्रत्येक रायटरसमोर ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ हवं. एसक्यूएलचा रायटर ‘फेल्ड’ दिसला तर घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करायची गरज नाही. ‘एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर’ ही वेगळी छोटी सर्व्हिस आहे, तेवढीच रीस्टार्ट करायची. मूळ डेटाबेस चालूच राहतो. आणि यादीत एसक्यूएलचा रायटर मुळीच नसेल तर डेटाबेसांची नावं नीट तपासा. एखाद्या नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असली तरी रायटर यादीतून गायब होतो. कुणीतरी कधीकाळी ‘टेस्ट’ नावाचा डेटाबेस बनवताना स्पेसबार दाबलेला असतो आणि आपण दोन दिवस परवानग्या तपासत बसतो.

दुसरी अडचण दोन बॅकअपांच्या भांडणाची. वीमला एसक्यूएलचे लॉग ‘ट्रंकेट’ करायची, म्हणजे आतला जुना भाग मोकळा करायची मुभा दिली आणि शेजारी आपला पंधरा मिनिटांचा जॉबही चालू असला, तर लॉगची साखळी मध्येच तुटते. वरून दोन्ही जॉब हिरवे दिसतात, रिस्टोअर करायला बसल्यावर एक कडी सापडत नाही. म्हणून वीमच्या जॉबमध्ये एसक्यूएलसाठी ‘कॉपी ओन्ली’ निवडलं. लॉगला हात लावायचा अधिकार फक्त एकाकडे.

टॅलीला स्वतःचा रायटर नाही. म्हणजे मशीनचा स्नॅपशॉट टॅलीच्या दृष्टीने लाइट गेल्यासारखा असतो: त्या क्षणी फाइल जशी असेल तशी. बहुतेक वेळा डेटा सरळ उघडतो, पण ‘बहुतेक’वर अकाउंट्स सोडता येत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी सगळ्यांनी कंपनी बंद केली की टॅलीतूनच, ऑल्ट वाय दाबून, डेटाच्या मेनूतला बॅकअप. फाइल त्याच मशीनवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडते आणि रात्रीच्या स्नॅपशॉटमध्ये आपोआप उचलली जाते. पेन ड्राइव्ह बंद.

यात कायद्याचाही भाग आहे आणि तो अनेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या गावी नसतो. कंपनीज (अकाउंट्स) रूल्समध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली: इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर आता ‘ठरावीक काळाने’ नाही, रोज ठेवायचा आहे. त्यामुळे कारखान्याबाहेरच्या प्रतीसाठी क्लाउड निवडताना मुंबई रीजन घेतलं. मालकी किंवा भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही, तरी रीजन निवडायला पैसे पडत नाहीत.

पहिला पूर्ण बॅकअप हा सगळ्यात जड. एकूण ५६० जीबी, गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास धरला तर दीड तासाचं काम. रात्री लावला. तासाभराने पाहिलं तर वेग ११ एमबीवर खिळलेला. ११ हा आकडा दिसला की सॉफ्टवेअरची सेटिंग उघडायचीच नाही, सरळ केबल बघायची. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. एक तार क्लिपमध्ये नीट बसलेली नसेल तर स्विच मुकाट्याने १०० वर उतरतो आणि सेकंदाला जेमतेम ११ एमबी जातात. नॅसचा पोर्ट हिरव्याऐवजी केशरी लुकलुकत होता. क्लिप नव्याने मारली, वेग ९५ वर गेला. तसंच सोडलं असतं तर चौदा तास लागले असते आणि सकाळी सगळ्यांनी ‘बॅकअप चालू केल्यापासून सिस्टम स्लो झाली’ असा सूर लावला असता, जो नंतर वर्षभर पुसता येत नाही.

त्यानंतर फक्त बदललेले ब्लॉक जातात, दिवसाला १२ जीबीच्या आसपास. क्लाउडचं गणित वेगळं. लाइनचा अपलोड ४० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. कॉम्प्रेस होऊन ३८० जीबी उरलेला पहिला बॅकअप वर चढायला २१ तास. तो साप्ताहिक सुट्टी धरून चढवला. रोजचे १२ जीबी चाळीस मिनिटांत जातात, तरी दिवसा अपलोडला लगाम घातला, कारण ई-वे बिल त्याच लाइनवरून निघतं.

आधीपासून चालू असलेला एक ‘दुसरा बॅकअप’ही सापडला: फाइल शेअरचं रोबोकॉपीने, म्हणजे विंडोजमधल्या फाइल कॉपी करणाऱ्या कमांडने केलेलं मिरर. मिररचा अर्थच मुळी असा की इथे फाइल गेली की तिथूनही जाते. कुणी ड्रॉइंगचं फोल्डर उडवलं तर रात्रीपर्यंत दोन्हीकडे सारखीच शांतता. शिवाय रोबोकॉपी कुलूप लागलेल्या फाइलपाशी न सांगता दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. गुणाकार केला तर एका उघड्या एक्सेल फाइलसाठी जवळजवळ वर्ष. ते काढून टाकलं.

बॅकअप ठेवायच्या जागेबद्दल आम्ही अजिबात सवलत देत नाही. बॅकअप घेणारा छोटा पीसी आणि नॅस दोन्ही डोमेनच्या बाहेर, पासवर्ड वेगळे, आणि नॅसचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाच्याही ब्राउझरमध्ये साठवलेला नाही. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आत आलं की डोमेनचे अधिकार मिळवतं आणि त्या अधिकाराने जिथे पोचता येईल ते सगळं बंद करतं. बॅकअपचं फोल्डर तर ते आधी शोधतं. लॉगचं फोल्डर एसक्यूएलच्या अकाउंटला लिहिता येतं, म्हणजे हल्लेखोरालाही येईल. म्हणून नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट आणि तो १४ दिवस कुलूपबंद, सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये ७.२ आवृत्तीपासून असे स्नॅपशॉट अ‍ॅडमिनलाही पुसता येत नाहीत. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हे डेटा नष्ट करणारं मालवेअर पसरलं तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनलही अडकलं होतं. कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या भरवशावर होते आणि सगळे एकदम गेले. घानातला एक वाचला, तोही तिथे त्या वेळी लाइट गेलेली होती म्हणून. महावितरणच्या कृपेवर अशी योजना आखता येत नाही, म्हणून कुलूप.

लाइटवरून आठवलं. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मोठी कामं गुरुवारी काढायचा मोह होतो. पण महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच असतात. बॅकअप चालू असताना लाइट जाणार हे गृहीत धरलं. यूपीएसची यूएसबी केबल नॅसला जोडली. बॅटरी उतरू लागली की नॅस बाकीच्यांना नेटवर्कवरून निरोप देतो आणि सगळे नीट बंद होतात. पहिल्या चाचणीत निरोप पोचलाच नाही. मधला आठ पोर्टचा स्विच साध्या प्लगवर होता, लाइटबरोबर तोही गेला. निरोपाच्या वाटेवरचं प्रत्येक डबडं यूपीएसवर हवं.

मग रिस्टोअर, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ गेला. चाचणीसाठी हायपर-व्हीवर एक खासगी व्हर्च्युअल स्विच केला, ज्याला बाहेरची केबल नाही. हे विसरलात तर एकाच नावाची, एकाच आयपीची दोन मशीन नेटवर्कवर येतात आणि डिस्पॅचच्या खऱ्या एंट्री चाचणीच्या डेटाबेसमध्ये पडू लागतात. मशीन थेट नॅसवरच्या बॅकअपमधूनच चालू केली, कॉपी होण्याची वाट न पाहता.

पहिल्या फेरीत एसक्यूएलचं मशीन चालू झालं पण सर्व्हिस उठेना. तिचं अकाउंट डोमेनचं, आणि डोमेन कंट्रोलर अजून बंद. क्रम ठरला: आधी डोमेन कंट्रोलर, तो पूर्ण वर आल्यावर एसक्यूएल, मग टॅली. दुसऱ्या फेरीत ईआरपी उघडलं, फक्त पहिला रिपोर्ट यायला तीन मिनिटं लागली, कारण डिस्क आता नॅसवर होती. चलन काढायला तेवढं चालतं. रात्री मशीन मूळ डिस्कवर हलवायचं.

मशीन रात्री एकची, डेटा मात्र दुपारचा हवा. म्हणून वरून डेटाबेस रिस्टोअर: साडेबाराचा पूर्ण बॅकअप ‘नो रिकव्हरी’ (अजून उघडू नको, पुढे आणखी आहे) देऊन, त्यावर लॉग एकामागून एक, तेही ‘नो रिकव्हरी’, आणि फक्त शेवटचा ‘रिकव्हरी’ने. घाईत मध्येच एखादा ‘रिकव्हरी’ने लावला की डेटाबेस उघडतो, पुढचे लॉग नाकारतो आणि पहिल्यापासून सुरुवात. चाळीस-पन्नास लॉग हाताने लावताना हे होणारच, म्हणून त्याची स्क्रिप्ट करून नॅसवर आणि कागदावर ठेवली. मशीन न मरता डेटाच बिघडला, समजा कुणी ३ वाजून ४२ मिनिटांनी सगळ्या ग्राहकांचे दर एका फटक्यात बदलले, तर ‘स्टॉप अ‍ॅट’ देऊन ३:४१ ला थांबता येतं, तेही वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये. म्हणजे ऑफिस चालूच राहतं आणि फक्त दरांचं टेबल परत आणायचं. आणि डेटाची डिस्क गेली पण लॉगची जिवंत असली, तर रिस्टोअर सुरू करण्याआधी ‘नो ट्रंकेट’ देऊन शेवटचा लॉग आधी काढून घ्यायचा. त्यात शेवटच्या लॉग बॅकअपनंतरच्या एंट्री असतात. त्यासाठीच दोन्ही फाइल्स वेगळ्या डिस्कवर ठेवल्या.

टॅली उघडलं ते एज्युकेशनल मोडमध्ये. चाचणीच्या मशीनला लायसन्स मिळणार नव्हतंच, पण खऱ्या प्रसंगीही नव्या हार्डवेअरवर हेच होतं. त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्री होतात. लायसन्स पुन्हा चालू करायला लागणारा टॅली डॉट नेटचा आयडी एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये होता. तो, बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड आणि नॅसचा पासवर्ड, तिन्ही छापून बंद पाकिटात, एक मालकांच्या घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. एन्क्रिप्शनचा पासवर्ड गेला तर नॅसवर आहे तो निव्वळ कचरा.

डोमेन कंट्रोलर सुरू करण्यापासून पहिलं चाचणी चलन निघेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. याच रिस्टोअर केलेल्या डेटाबेसवर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस आतून तपासणारी कमांड चालवली. ती जड असते, चालत्या सर्व्हरवर चालवून लोकांना अडवण्यापेक्षा इथे चालवावी. बॅकअप उघडतो आणि आतली पानंही शाबूत आहेत, हे एकदमच कळतं.

राहिला प्रश्न बॅकअप बंद पडल्याचं कळायचा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. रोजचे डंप, म्हणजे डेटाबेसच्या प्रती, बरेच दिवस निघतच नव्हते, कारण डंप काढणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. फेल झाल्याचे मेल जात होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. सहा तासांपूर्वी सहज घेतलेला एक स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलंय. फेल झाल्यावर मेल पाठवणाऱ्या जॉबवर म्हणूनच विसंबू नये. इथे बॅकअपचा पीसी स्वतः एसक्यूएलला विचारतो की शेवटचा लॉग बॅकअप किती वाजता झाला. ३० मिनिटांपेक्षा जुना असेल तर मेसेज. आणि रोज सकाळी आठला, सगळं ठीक असलं तरी, एक ओळीचा मेसेज दोन माणसांना जातो. तो आला नाही तर त्यांनी फोन करायचा. पहिल्या महिन्यात दोनदा फोन आला. एकदा नॅसची जागा भरत आली होती, एकदा नुसता मोबाइलचा डेटा संपला होता.

सर्व्हर रूमच्या दाराला आतून एक कागद लावलाय: चालू करायचा क्रम, प्रत्येक मशीनचा आयपी, स्क्रिप्टचा पत्ता, पाकीट कुणाकडे आहे. रिस्टोअरची फेरी दर तीन महिन्यांनी, गुरुवार सोडून, आणि दर वेळी कागदावरून वाचून करणारा माणूस वेगळा. दुसऱ्या फेरीला स्टोअरचा मुलगा बसवला. त्याला सत्तावन्न मिनिटं लागली, त्यातली बारा कागदावर नॅसच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं म्हणून.